पडद्याकडे पाठ करून बसणाऱ्या सिस्टर

सिनेमा चालू असताना पडद्याकडे पाठ करून बसलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्या माझ्या घरमालकीण होत्या.

नाशिकमधलं सगळं शरणपूर त्यांना सिस्टर म्हणायचं. दूधवाला, पोस्टमन, चर्चमधले पाद्रीसाहेबसुद्धा. त्यांचं खरं नाव मला कळायला सहा महिने लागले आणि कळल्यावर ते त्यांना अजिबात शोभत नाही असं वाटलं. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मला नाशिकच्या एका शाळेत नोकरी लागली. माझं गाव दिंडोरीच्या पलीकडे, त्यामुळे खोली घेणं भाग होतं. आठ दिवस मी फिरत होते. खोली रिकामी असायची, घरातली माणसं गोड बोलायची, मग आडनाव विचारलं जायचं आणि तीच खोली एकाएकी कुणातरी पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. सिस्टरनी आडनाव विचारलं नाही. फाटकातच त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "झोपेत बोलतेस?"

"नाही."

"घोरतेस?"

"आई म्हणते, नाही घोरत."

"आईला काय माहीत, ती स्वतः झोपलेली असते. जीभ दाखव."

मी जीभ दाखवली.

"पाणी कमी पितेस. सामान घेऊन ये."

पहिल्याच दिवशी मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "मी तुझ्या आईची बहीण आहे का? सिस्टर म्हण."

"सिस्टर म्हणजे बहीणच की."

"ते इंग्रजीत," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

त्या लढाईतल्या नर्स होत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीजवळ आसामात एका लष्करी इस्पितळात त्यांनी वॉर्ड सांभाळला होता. पुढे बरीच वर्षं इकडच्या दवाखान्यांत नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, पण वॉर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. पदराला उलटं घड्याळ टाचलेलं असायचं. घरातल्या खाटांना नंबर होते आणि मी तीन नंबर होते. "तीन नंबर, चहा!" अशी हाक आली की मी उठायचे. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले नसतील तर त्या सगळी गादी उलगडून टाकायच्या. आलेल्या माणसाला त्या "या, बसा" म्हणत नसत, सरळ मनगट धरत. एकदा वीजबिलाचा माणूस आला, त्याचीही नाडी पाहून त्यांनी त्याला अर्धा तास पडवीत आडवं केलं. "तोंड खोटं बोलतं," त्या मला सांगायच्या, "तोंडावर जाऊ नकोस. नाडी बघ."

त्यांना दुसरा नाद होता कादंबऱ्यांचा. गावातल्या वाचनालयातून आठवड्याला दोन आणायच्या आणि हातात पेन्सिल घेऊन वाचायच्या. कादंबरीत कुणी आजारी पडलं की पेन्सिल पुढे सरसावायची. मी त्यांच्यामागून तीच पुस्तकं वाचायला लागले ती समासातल्या टिपांसाठी. 'क्षयाचा रोगी एवढं लांब भाषण करू शकत नाही. दम लागेल.' 'गोळी खांद्याला, मग रक्त तोंडातून का?' 'नायिका आठ दिवस बेशुद्ध. दूध कोण पाजत होतं?' ग्रंथपालांनी आधी समज दिली, मग दंड केला, शेवटी सोडून दिलं, कारण सभासद 'सिस्टरनी तपासलेलं आहे का?' असं विचारून पुस्तकं न्यायला लागले होते.

अशा बाईला सिनेमाचं मात्र वावडं होतं. "काळोखात, बंद दारं करून, सातशे माणसं एकमेकांची हवा हुंगत बसतात," असं त्यांचं मत. म्हणून त्या जानेवारीत सिस्टर रोज दुपारी तीनच्या खेळाला जातात हे आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी हसले. "खरंच गं," त्या म्हणाल्या, "तो लढाईतल्या प्रेमाचा सिनेमा लागलाय ना, त्याला. माझ्या जावेने त्यांना सोमवारी पाहिलं, मी बुधवारी पाहिलं."

तो सिनेमा एका मराठी कादंबरीवरून हिंदीत केलेला होता. कादंबरी मी वाचली नव्हती, पण गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. आसामच्या सरहद्दीवरच्या इस्पितळात एक जखमी कॅप्टन येतो. त्याच्यावर एका तरुण नर्सचं प्रेम बसतं. आघाडीवर परत जाताना कॅप्टन तिच्यासाठी एक पत्र ठेवून जातो आणि वॉर्डची खाष्ट मोठी सिस्टर ते पत्र सिगडीत जाळून टाकते. कादंबरीत कॅप्टन मरतो. सिनेमात तो कुबडी घेऊन परत येतो आणि सगळे रडतात.

शिक्षकांच्या खोलीत लगेच शोध लागला. आसाम, इस्पितळ, नर्स, जन्मभर बिनलग्नाची! "अगं, तुझ्या सिस्टरच ती नायिका," सगळ्यांनी मला सांगितलं. "विचार तरी." मलाही ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला ते आवडलं. मी संध्याकाळी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि त्या कोऱ्या तोंडाने तांदूळ निवडत असायच्या. विचारायची छाती होत नव्हती. तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या मागोमाग थिएटरात गेले.

आम्ही बायका बाल्कनीत बसायचो. सिस्टर खाली, अगदी पुढच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत होत्या. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि त्या खुर्चीत वळून पाठीमागे तोंड करून बसल्या. पडद्याचा उजेड प्रेक्षकांच्या तोंडांवर पडतो. त्या उजेडात त्या माणसं बघत होत्या, एकेक रांग, खालून वर. पडद्यावर तोफा वाजत होत्या, नायिका गात होती, त्यांनी एकदाही मान फिरवली नाही. मध्यंतराच्या जरा आधी मोठी सिस्टर पत्र जाळते तो प्रसंग आला. बायकांनी "मेली!" म्हणून शिव्या घातल्या. सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि वर बाल्कनीतल्या बायकांच्या तोंडांवरून नजर फिरवायला लागल्या. माझं तोंड आलं तेव्हा नजर क्षणभर थांबली, आणि पुढे गेली.

मध्यंतरात मी खाली पळाले तर त्या बायकांच्या दाराशी उभ्या, बाहेर पडणारीला निरखत. डोअरकीपर मला म्हणाला, "तुमच्या ओळखीच्या का ओ? रोज येत्यात. मी पयल्या दिवशी सांगितलं, बाई, पिच्चर तिकडं हाय. तर म्हणल्या, मला माहीत हाय काय हाय त्यात."

परतताना रस्त्यात त्या माझ्या चपलांकडे बघत चालल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "चोरून मागे यायचं असेल तर चपला न वाजणाऱ्या घालाव्यात."

त्या सोमवारी मी वाचनालयातून ती कादंबरी आणली. अर्थातच सिस्टरनी तपासलेली होती, आणि पानापानावर पेन्सिल होती. 'कॅप्टन नव्हे.' 'नदीकाठ नव्हता. धुण्याच्या खोलीमागे भेटत.' 'मलमपट्टी अशी बांधली तर हात सडेल.' मी पत्र जाळण्याचं पान काढलं. दीड पान होतं. मोठी सिस्टर कशी कठोर, कशी मत्सरी, तिचे ओठ कसे पातळ, सगळं लिहिलेलं, आणि समास कोरा. एकच शब्द खोडला होता. 'सिगडीत' वर रेघ मारून वर लिहिलं होतं, 'स्टोव्हवर'.

पुस्तक तसंच उघडं घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. त्या डाळीला फोडणी देत होत्या.

"सिस्टर, इथे बाकी काही चूक नाही?"

त्यांनी पान पाहिलं. फोडणी दिली, झाकण ठेवलं, हात पुसले. "नाही," त्या म्हणाल्या. "बाकी बरोबर आहे."

मग त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, ड्युटीचा रिपोर्ट द्यावा तसं, न थांबता. तो कॅप्टन नव्हता, लष्करी ट्रकचा ड्रायव्हर होता, सटाण्याकडचा, हात मोडून आला होता. ती मुलगी एकोणीस वर्षांची. सिस्टर स्वतः तेव्हा चोवीस, पण वॉर्ड त्यांच्या हाती. त्या दिवशी दुपारी अचानक गाड्या निघायचा हुकूम झाला. ही मुलगी कुणाला न सांगता ड्युटीवरून त्याला गाठायला रस्त्याकडे धावली आणि तो तिला शोधत दुसऱ्या दाराने वॉर्डात आला. ती नाही म्हटल्यावर त्याने उभ्याउभ्या पत्र लिहून सिस्टरच्या हातात दिलं आणि पळाला.

"आणि ती नव्हती त्या वेळात अठरा नंबरने पोटाची पट्टी ओढून काढली. मी दुसऱ्या टोकाला होते. आम्ही पोचलो तेव्हा खाटेखाली रक्त होतं. वीस वर्षांचा होता. ती धापा टाकत परत आली, केस सुटलेले. माझ्या एप्रनच्या खिशात ते पत्र. मी तिला बोलायचं ते बोलले. मग आत गेले, सुया उकळत होत्या तिथे स्टोव्ह होता. पत्र वाचलं आणि जाळलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बदलीचा अर्ज केला. तो ड्रायव्हर महिन्याभराने गेला, गाडी दरीत पडून. पुस्तक लिहिणारा आमच्या वॉर्डातला कारकून. कोपऱ्यात बसून सगळं बघायचा."

"आणि थिएटरात तुम्ही तिला शोधता?"

"ती वणीला असते. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता नोकरी सोडली आहे. सिनेमा वणीला कुठला लागायला? बघायचा तर तिला नाशिकलाच यावं लागेल. त्या प्रसंगाला तिचं तोंड बघितलं म्हणजे मला कळलं असतं, तिला माहीत आहे की नाही."

"तोंडावर जाऊ नये असं तुम्हीच सांगता."

मी इतकं धीट बोलले याचं मलाच नवल वाटत होतं, पण थांबवेना. "वणी चाळीस किलोमीटर आहे, सिस्टर. चौतीस वर्षं झाली."

"किती झाली ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी डाळ करपली. त्या घरात काही करपल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी सकाळी त्या चर्चला गेल्या नाहीत. सीबीएसवरून आम्ही वणीची एसटी पकडली. गाडीत सप्तशृंगीला जाणारी माणसं होती, नारळ, ओट्या, हिरव्या बांगड्या. दिंडोरी गेल्यावर सिस्टरनी स्वतःचंच मनगट धरलं आणि घड्याळात बघत राहिल्या. मी विचारलं, "किती?" त्या म्हणाल्या, "सांगण्यासारखी नाही."

वणीच्या बाईंचं घर बाजाराच्या मागे होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर सुपात शेंगा. त्या सोलत बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, जाड भिंगाचा चष्मा. आम्ही समोर उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, आणि पुढे जे झालं ते मी विसरणं शक्य नाही. पन्नाशी उलटलेली ती बाई ताडकन उभी राहिली, पदर सारखा केला आणि हात पाठीमागे घेऊन ताठ झाली, वॉर्डात राऊंड आल्यावर उभं राहतात तशी.

"सिस्टर," त्या म्हणाल्या.

"बस," सिस्टर म्हणाल्या. "बस खाली. मी काही राऊंडला आलेली नाही."

पाणी झालं, चहा झाला. कंपाउंडर नवरा दोन वर्षांपूर्वी गेल्याचं, मुलगा अंबडच्या कारखान्यात लागल्याचं कळलं. संसार चांगला झाला, त्या म्हणाल्या. सिस्टर कपात बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ते पुस्तक वाचलंस?"

"वाचलं. शाळेच्या मास्तरांनी आणून दिलं होतं." त्या हसल्या. "आमच्या त्याला कॅप्टन केलाय. आणि मी म्हणे गाणी म्हणायचे."

"पत्राचं वाचलंस?"

"हो. तेही रचलेलंच. तुम्ही कशाला जाळाल? त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, कधी अचानक निघावं लागलं आणि भेट झाली नाही तर चिठ्ठी सिस्टरकडे ठेवीन. मी तुमच्याकडे मागितली नाही. तोंड कुठे होतं मागायला, माझ्यापायी तो अठरा नंबर गेला. मग बदली झाली. मग लग्न झालं. पण मी मनात म्हणायचे, आहे ना सिस्टरकडे. सिस्टर कुठली वस्तू हरवत नाहीत. मला वाटायचं, तुम्ही जपून ठेवली असेल."

सुपातल्या शेंगांवर एक माशी फिरत होती. मी ती हाकलायलासुद्धा हात हलवला नाही.

"जाळली," सिस्टर म्हणाल्या. "त्याने लिहिलंय ते खरं आहे. त्याच दुपारी जाळली."

वणीच्या बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग म्हणाल्या, "वाचून की न वाचता?"

"वाचून."

"आठवतं?"

"सगळं."

"मग सांगा."

सिस्टरनी हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं. आवाज तोच, रिपोर्टचा, मधली अहिराणी तेवढी त्याची. "गाडी आज निघते आहे. तुम्ही भेटला नाहीत. हात आते बरा शे. तुम्ही लावलेलं बटण पक्कं आहे. आईला तुमचं नाव पत्राने कळवलं होतं. तिचं उत्तर आलं. ती विचारते, मुलीला बाजरीची भाकरी येते का. मी लिहिलं, विचारून सांगतो. तरी कळवावे. घरापुढे लिंबाचं झाड आहे, सावली चांगली असते. काळजी करू नये."

"खाली काय होतं? तुझा, की आपला?"

"आपला."

वणीच्या बाई हसल्या, अगदी मनापासून. "त्याला 'तू' कधी जमलंच नाही," त्या मला म्हणाल्या, जणू मी त्याला ओळखत होते. मग हसू थांबलं. त्या ओट्याच्या पलीकडे रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "येते." आणि जरा वेळाने पुन्हा, "भाकरी येते मला."

त्यांनी ते आणखी दोनदा सांगायला लावलं. सिस्टरनी दोनदा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. निघताना वणीच्या बाईंनी शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली, सिस्टरच्या हातात नाही. परतीच्या गाडीत सिस्टर खिडकीशी बसल्या आणि नाशिक येईपर्यंत जाग्या होत्या की झोपल्या होत्या, मला कळलं नाही. थिएटरात त्या पुन्हा गेल्या नाहीत. सिनेमा आणखी तीन आठवडे चालला.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी सिस्टर वणीला जायच्या. त्या बाईही एकदोनदा येऊन गेल्या. दोघींचं फार बोलणं व्हायचं नाही. चादरीच्या कोपऱ्यांवरून वाद व्हायचा, हळद जखमेवर लावावी की नाही यावरून व्हायचा. मला मात्र एक प्रश्न छळत राहिला. इतकं सहज कसं पचवलं त्या बाईंनी? शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट कधीच सांगितली नाही, पण मनात तिला टोकरत राहिले.

उत्तर चार-पाच वर्षांनी मिळालं. माझं तेव्हा लग्न ठरलं होतं आणि खोली सोडायला महिना राहिला होता. वणीच्या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला झालं आणि सिस्टरनी त्यांना मुलाच्या घरी जाऊ न देता आपल्याकडे आणलं. दोन नंबरच्या खाटेवर त्या एका डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या असत आणि सिस्टर गजर लावून दर चार तासांनी औषध घालत. एका दुपारी सिस्टर औषध आणायला गेल्या होत्या. मी शेजारी वह्या तपासत होते. वणीच्या बाई आपणहूनच म्हणाल्या, "तुला वाटत असेल, ही बाई रागावली कशी नाही."

मी पेन खाली ठेवलं.

"रागावले. तुम्ही गेल्यावर दार लावून घेतलं आणि दोन दिवस जेवले नाही. वाटलं, पुन्हा आली तर ओट्यावरून खाली लोटून देईन. माझ्या हक्काची चीज होती, तिने जाळली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसले आणि ते पत्र मनात म्हणायला लागले, तर मधलं एक वाक्यच आठवेना. बटणाच्या पुढचं. किती डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, सबंध जगात ते पत्र एकाच माणसाला पाठ आहे. तिच्याशी भांडून बसले, तर मी ते ऐकणार कुणाकडून?"

फाटक वाजलं. सिस्टर आत आल्या, बाटली उजेडात धरून त्यांनी नाव वाचलं, पदराच्या घड्याळात वेळ पाहिली, हात धुतले. मग खाटेशी येऊन त्यांनी पट्टी सोडली आणि हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

"वर बघ," त्या म्हणाल्या. "मिचकावू नकोस."

"हो, सिस्टर," वणीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर बघितलं.